पुस्तक, कॅरम आणि एस.टी.चा प्रवास

14 एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, 6 डिसेंबर आणि 1 जानेवारी. आपल्या समाजाचे वर्ष या दिवसांवर उभे असते. या दिवशी आपण पांढरे कपडे घालतो, निळा झेंडा हाती धरतो आणि लेकराबाळांसह घराबाहेर पडतो. वर्गणी, मंडप, भोजनदान, व्याख्यान, मिरवणूक यांत कार्यकर्त्याला दोन घास सुखाने खायला सवड मिळत नाही. पण मंडप उतरला, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या, की पुढे काय? वर्षाचे उरलेले साडेतीनशे दिवस आपण कसे घालवतो?

वाचक बंधू-भगिनींनो, आमच्या मते समाजाची खरी परीक्षा या उरलेल्या दिवसांतच होते. संध्याकाळी कामावरून परतलेला माणूस कुठे बसतो, कोणाबरोबर बसतो आणि हातात काय घेऊन बसतो, यावर त्याच्या घराचे बरेवाईट ठरते. म्हणून आज आम्ही आमच्या आजऱ्यातल्या साध्या बैठकीविषयी लिहिणार आहोत. तिला नाव नाही, अध्यक्ष नाही, लेटरहेडही नाही. एक वाचनाची पेटी, एक कॅरम बोर्ड, दोन बुद्धिबळाचे पट आणि प्रवासखर्चाची एक वही, एवढीच तिची मालमत्ता आहे.

पावसातला वर्षावास

आमचा आजरा तालुका कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, सह्याद्रीला टेकून आहे. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी आमच्या गावाजवळून वाहते. रामतीर्थावर तिचे पाणी पावसाळ्यात असे कोसळते, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आणि काजू दूरवर जातात. पण इथला पाऊस इथल्यांनीच सोसायचा. पूर्वी बाया इरली घेऊन रोपलावणीला जात, आता प्लॅस्टिकचे कागद आले. पाऊस मात्र तोच आहे. संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर कुत्रे दिसत नाही आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

भगवंतांच्या काळी भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी मुक्काम करायचा, असा नियम झाला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा हा वर्षावास आपल्या विहारांतून ग्रंथवाचनाने पाळला जातो. आमच्याही विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होत असे. वाचन अर्धा तास चाले. वंदना झाली की माणसे छत्र्या उघडून घरी जात. आम्ही सहाजण मात्र तिथेच रेंगाळत असू. एक शाळामास्तर, एक एस.टी.चे कंडक्टर, एक शिंपी, एक पोस्टमन, एक काजूच्या कारखान्यात काम करणारे आणि कारकुनी करणारे आम्ही. पाऊस थांबेपर्यंत बसायचे, आणि आजऱ्यातला पाऊस लवकर थांबत नाही. या रेंगाळण्यातूनच आमची बैठक जन्माला आली. आज तिच्यात बायामाणसे आणि तरुण पोरे धरून पंचविसेक जण आहेत.

पुस्तके

आमच्या गावाला वाचनाची परंपरा जुनी आहे. श्रीमंत गंगामाई वाचन मंदिर 1888 साली स्थापन झाले. 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत याच आजऱ्यात 1940 साली जन्मले. पण 1888 साली आमच्या पणजोबांच्या हाती पाटी नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1902 साली निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या, 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, 1920 साली बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ला अडीच हजार रुपये दिले. तेव्हा कुठे अक्षराची वाट आपल्या दारापर्यंत यायला लागली. ज्या जिल्ह्यात हे घडले त्या जिल्ह्यातल्या बौद्धाच्या घरी पुस्तकाचे कपाट नसावे, याची आम्हांला नेहमी खंत वाटते. टी.व्ही.साठी भिंत राखलेली असते. पुस्तके मात्र पलंगाखालच्या ट्रंकेत असतात.

आमच्या वाचनाचे नियम सोपे आहेत. ज्याला वाचता येते त्याने दोन पाने मोठ्याने वाचायची. ज्याला येत नाही त्याने ऐकायचे आणि शेवटी काय ऐकले ते आपल्या शब्दांत सांगायचे. या दुसऱ्या नियमानेच बैठकीत जीव आला. आमच्यात सत्तरीच्या एक आजी आहेत, त्यांना सहीपुरतेच येते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण वेगळे दिले आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून तो एका रात्रीत गुपचूप निघून गेला, ही जुनी कथा त्यांना पटली नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यापायी त्याला देशत्याग पत्करावा लागला, असे बाबासाहेब सांगतात. हा भाग वाचून झाल्यावर आजी म्हणाल्या, "म्हंजे पान्याचंच भांडान व्हय? मग आमच्यापरमानंच की!"

आमच्या तालुक्याने चित्री, उचंगी, आंबेओहोळ ही धरणे आणि धरणग्रस्तांचे लढे पाहिले आहेत. कोणाचे पाणी, कोणाची जमीन, कोणाचे घर उठायचे, हे प्रश्न इथल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. आजींच्या त्या एका वाक्याने अडीच हजार वर्षांपूर्वीची रोहिणी थेट हिरण्यकेशीला येऊन मिळाली. त्या रात्री कोणालाही घरी जायची घाई नव्हती.

दुसरी मोठी चर्चा 'मृत्युंजय'वर झाली. 1967 साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आजरेकराने वाचली नाही असे सहसा होत नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून ती सांगितली आहे. कंडक्टरदादांना ती अर्धी पाठ आहे. सूतपुत्र म्हणून हिणवल्या गेलेल्या कर्णाचे दुःख वाचताना त्यांचा गळा दाटून येतो. ते म्हणाले, "कर्ण आपला माणूस. जातीनं मारला त्येला."

मास्तरांनी मान डोलावली, पण पुढे विचारले, "दादा, कर्णाला ज्यांनी हिणवलं त्यांच्याच दरबारात त्याला मान हवा होता. दुर्योधनानं अंगदेशाचं राज्य दिलं, त्या उपकाराखाली तो जन्मभर वाकला. बाबासाहेबांनी काय केलं?"

यावर दोन तास वाद झाला. दादांचे म्हणणे असे, की कर्णाला दुसरा रस्ताच नव्हता. एकट्या माणसाने काय करावे? मास्तरांचे म्हणणे असे, की एकटा होता म्हणूनच तो हरला. त्याने आपल्यासारख्या दुसऱ्या सूतपुत्रांकडे कधी वळून पाहिले नाही. बाबासाहेबांनी 1935 साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि 1956 साली लाखोंना बरोबर घेऊन नागपुरात धम्मदीक्षा घेतली. ते एकटे गेले नाहीत. वाद मिटला नाही आणि तो मिटावा असे आम्हांला वाटतही नाही. गावच्या लेखकाचे पुस्तक प्रेमाने वाचावे आणि आपल्या डोक्याने तपासावे, यातच वाचनाची गोडी आहे.

सुरुवातीला बैठकीत फक्त पुरुष होते. आमच्या सौ. एकदा म्हणाल्या, "तुम्ही पुस्तकं वाचता नि आम्ही चहा करतो. आमचं काय?" प्रश्न रास्त होता. पुढच्या आठवड्यापासून चहाची पाळी पुरुषांकडे आली आणि बायका सतरंजीवर आल्या. त्यांनी पहिले पुस्तक निवडले ते बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. फलटणच्या बेबीताईंचे छोटे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचून काढत. दुकानात बसूनच त्या लिहीत आणि वह्या घरच्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून लपवून ठेवत. 1986 साली पुस्तक प्रसिद्ध झाले तोवर वर्षे उलटून गेली होती. हे कळल्यावर शिंप्याच्या वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लिवायचं तर लांबच, मी वाचत असले तरी सासूबाई म्हणायच्या, काम न्हाई व्हय गं तुला?" त्यांच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तवा म्हनत हुते. आता वाच की मोठ्यानं, मलाबी ऐकू दे."

बायका आल्यावर 'आयदान', 'बलुतं', 'आठवणींचे पक्षी', 'फकिरा' ही पुस्तके एकामागून एक झाली. मुले आईच्या मांडीवर डोके ठेवून ऐकत झोपत. घरात कोणी वाचत नसेल तर पोरगे वाचत नाही, ही साधी गोष्ट शिक्षणावरच्या दहा व्याख्यानांनी कळत नाही. आई पुस्तक उघडून बसली की ती आपोआप कळते.

खेळ

आता काही वाचक विचारतील, की विहाराच्या बैठकीत कॅरम कशाला? हा प्रश्न आमच्याही बैठकीत आला होता. एक ज्येष्ठ उपासक रागावून म्हणाले, "ही काय क्लबाची जागा हाय?" त्यांचा राग आम्हांला समजतो. आपल्या वस्त्यांतून खेळ म्हटला की तीन पत्ती डोळ्यांपुढे येते. आठवड्याचा पगार एका रात्रीत गेलेला, चूल पेटलेली नाही आणि बाई दारात उभी, हे चित्र ज्याने पाहिले आहे त्याला पत्त्यांचे नाव नको वाटते.

म्हणून मास्तरांनी सिगालोवाद सुत्त वाचायला घेतले. गृहस्थाने कसे वागावे हे भगवंतांनी सिगाल नावाच्या तरुणाला या सुत्तात सांगितले आहे. जुगाराचे सहा तोटे त्यात मोजून दिले आहेत. जिंकणाऱ्याबद्दल वैर उत्पन्न होते. हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो. हातातली संपत्ती जाते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र त्याला तुच्छ लेखतात. आणि जुगाऱ्याला कोणी मुलगी देत नाही, कारण तो बायको पोसू शकणार नाही असे लोक म्हणतात. शेवटचा तोटा ऐकून पोरे हसली, पण बायका हसल्या नाहीत.

दीघनिकायातल्याच ब्रह्मजाल सुत्तात त्या काळच्या खेळांची मोठी यादी येते. आठ घरांचा पट, दहा घरांचा पट, फासे, काठीचा खेळ, चेंडू, छोटा रथ, छोटे धनुष्य, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, असे खेळ तिथे मोजले आहेत. श्रमण गोतम अशा खेळांत वेळ दवडत नाहीत, असे ते सुत्त सांगते. हा नियम गृहत्यागी भिक्खूंसाठी. गृहस्थाला सिगालोवादात बजावले आहे ते जुगाराबद्दल. ही दोन सुत्ते शेजारी ठेवल्यावर आमचा निर्णय झाला: विहारात पैशाचा खेळ नाही, पैशावाचूनचा चालेल, आणि आधी वाचन, मग खेळ. ते ज्येष्ठ उपासक आता शनिवारी सगळ्यांत आधी येतात. कॅरमची राणी त्यांच्याइतक्या सफाईने घेणारा आमच्यात दुसरा नाही.

कॅरम वर्गणीतून आला. पावसाळ्यात बोर्ड ओलसर होतो आणि सोंगट्या सरकत नाहीत, म्हणून बोरिक पावडरीचा खर्च वहीत नियमित लिहावा लागतो. बुद्धिबळ मास्तरांनी शिकवले. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या ताईंची सातवीतली मुलगी आता मास्तरांना हरवते. मास्तर हरल्यावर तिला एक पुस्तक देतात. गेल्या वर्षी त्यांना सात पुस्तके द्यावी लागली.

खेळाने आणखी एक काम केले. आपल्या समाजात गट फार. एका गटाचा कार्यकर्ता दुसऱ्याच्या जयंतीला जात नाही. सभेत समोरासमोर न येणारी दोन माणसे कॅरमवर मात्र जोडीदार होतात, कारण चिठ्ठी टाकून जोड्या पाडल्या जातात. चार डाव एका बाजूने खेळलेली माणसे पाचव्या दिवशी रस्त्यात भेटली तर निदान जयभीम तरी घालतात. मोठ्या ऐक्याच्या गोष्टी मोठ्यांनी कराव्यात. आमचे ऐक्य सोंगटीएवढे आहे, पण ते टिकले आहे.

एक रिकामी जागा

दोन वर्षांपूर्वी शनिवारच्या डावात एक जागा रिकामी दिसू लागली. तेवीस-चोविशीतला तरुण, हसरा, बोलका. तो येईनासा झाला. विचारले तर म्हणे, कामाला जातो. मग त्याची मोटारसायकल दिसेनाशी झाली. शेवटी त्याच्या आईने बायकांजवळ तोंड उघडले. पोरगा मोबाइलवर पैशाची रमी खेळत होता. आधी शंभर-दोनशे जिंकला. मग पगार गेला, गाडी गेली, आईच्या कानांतली फुले गहाण पडली आणि मोबाइलवरूनच कर्ज देणाऱ्यांचे धमकीचे फोन नातेवाइकांना येऊ लागले.

तीन पत्तीचा अड्डा निदान दिसतो. बायका तिथे जाऊन पत्ते फाडू शकतात, आणि फाडलेही आहेत. हा अड्डा पांघरुणात होता. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला, तोवर असे कितीतरी पांघरुणातले डाव मोडून पडले होते.

शिंपी त्याच्या घरी गेले. त्यांनी उपदेशाचा एक शब्द काढला नाही. रोज दुकान बंद केले की त्याच्याजवळ जाऊन बसायचे. आठव्या दिवशी त्याने आपण होऊन सांगायला सुरुवात केली. मग आम्ही वही घेऊन गेलो. बी.कॉम.च्या शिक्षणाचा आम्हांला कारकुनीत जेवढा उपयोग झाला नाही तेवढा त्या रात्री झाला. कोणाचे किती, व्याज किती, मुदत कधी, हे सगळे एका पानावर मांडले. बेरीज 61,400 रुपये. तो म्हणाला, "एवढंच?" त्याला वाटत होते, आकडा दोन लाखांच्या वर असेल. भीतीला बेरीज नसते, म्हणून ती वाढत जाते.

आमच्या प्रवासाच्या खात्यावर तेव्हा 68 हजार रुपये जमले होते. सांचीला जायचे ठरले होते. आजी दोन वर्षे त्या दिवसाची वाट पाहत होत्या. बैठक बोलावली. कंडक्टरदादा उभे राहिले. म्हणाले, "परवासाचा पैसा परवासालाच. आज ह्येला दिला, उद्या दुसरा येईल." हे बोलणे कोणाला आवडले नाही, पण चुकीचेही नव्हते. गोरगरिबांनी महिन्याला शंभर-शंभर टाकून जमवलेला पैसा होता.

मास्तरांनी पुन्हा सिगालोवाद काढले. खरा मित्र चार प्रकारचा, असे त्यात आहे: मदत करणारा, सुखदुःखात सारखा राहणारा, हिताचा मार्ग सांगणारा आणि कळवळा असणारा. मदत करणारा मित्र गाफील असलेल्या मित्राला सांभाळतो, त्याची चीजवस्तू राखतो आणि वेळ पडली तर मागितल्याच्या दुप्पट देतो. दादा म्हणाले, "सुत्त मला ठावं हाय मास्तर. हप्ता कोन भरनार ते सांगा."

मग हप्त्यांचे बोलणे झाले. बिनव्याजी रक्कम, महिन्याला दोन हजार, स्टँपपेपरवर लिहून, दोन जामीन. शेवटी आजींकडे सगळ्यांनी पाहिले. त्या म्हणाल्या, "सांची कुटं पळून जातीया? पोरगं गेलं तर कुटनं आनायचं?" जामीन म्हणून पहिली सही दादांनी केली.

आज काही हप्ते राहिले आहेत. मधे दोनदा हप्ता चुकला, तेव्हा दादांनीच त्याला स्टँडवर गाठून विचारले. तो पुन्हा शनिवारी येतो. येताना मोबाइल आईजवळ ठेवून येतो. पूर्वीइतका तो बोलत नाही. हळूहळू बोलेल.

प्रवास

बाबासाहेबांचे चरित्र वाचणाऱ्याला प्रवास ही साधी गोष्ट वाटत नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे छोटे आत्मकथन प्रत्येक घरात असावे. 1901 साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव भाऊ आणि भाच्यांसह गोरेगावी वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळली आणि गाडीवाला मिळेना. दुप्पट भाडे देऊन मिळाला, तोही या अटीवर, की गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. डब्यात जेवण होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. पुढे 1934 साली सहकाऱ्यांचा मेळा घेऊन वेरूळकडे जाताना ते दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाच्या धुळीने भरलेले तोंड-हात हौदाच्या पाण्याने धुतले, एवढ्यावरून दंगा उसळला. अखेर किल्ला पाहू दिला, पण पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर सशस्त्र शिपाई दिला.

आमच्या प्रवासाची सुरुवात जवळून झाली. पहिली सहल कोल्हापूरची. बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने 1950 साली, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच ते उभे राहिले. गंगाराम कांबळे यांनी याच शहरात हॉटेल काढले होते आणि शाहू महाराज मुद्दाम तिथे थांबून चहा घेत, हे सांगितल्यावर पोरांनी आम्हांला टपरीवर चहा पाजायला लावला. दुसरी सहल माणगावची. 21 आणि 22 मार्च 1920 रोजी तिथे परिषद भरली आणि बाबासाहेब हे तुमचे पुढारी आहेत, असे महाराजांनी जाहीरपणे सांगितले. तिसरी महाडची. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून आजींनी ओंजळभर पाणी घेतले आणि डोळ्यांना लावले.

17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट झाले, तेव्हापासून आमच्या वहीतला खर्चाचा रकाना बदलला. पूर्वी एका घरातून एकटा पुरुष यायचा, आता नवराबायको दोघे येतात. सवलतीचा हिशेब रुपयांत मांडता येतो. रोपलावण आणि चूल सोडून जन्मात पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर पडलेल्या बाईचा आनंद कोणत्या रकान्यात लिहायचा?

चौथी सहल वेरूळची. वाटेत एका गावी रात्र झाली. एका लॉजवर खोल्या आहेत असे आधी सांगितले. ओळखपत्रे पुढे ठेवली. व्यवस्थापकाने एकेक नाव वाचले, आतल्याशी काही बोलून आला आणि म्हणाला, "खोल्या बुक आहेत, मघाशी लक्षात आलं नाही." आमच्या मागून आलेल्या दोन कुटुंबांना मात्र किल्ल्या मिळाल्या. तरुण पोरे चिडली. मास्तरांनी वही मागून तक्रार लिहिली, वेळ घातली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि तिची एक नक्कल आपल्याजवळ ठेवली. मग कंडक्टरदादांनी स्टँडवरच्या एका सहकाऱ्याला विचारले, "इथं आपलं विहार कुटं हाय?"

रात्री साडेदहाला आम्ही त्या वस्तीत पोचलो. ओळख ना देख. "जयभीम, आजऱ्यास्नं आलोय," एवढेच सांगितले. अर्ध्या तासात विहारात सतरंज्या पसरल्या गेल्या. पाच-सहा घरांतून भाकरी, ठेचा, आमटी आणि बायकांसाठी गरम पाणी आले. आम्ही घनसाळ तांदळाची पिशवी बरोबर नेली होती, ती तिथल्या ताईंच्या हाती दिली. त्यांनी मूठभर तांदूळ नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "काय वास आहे हो!" झोपण्यापूर्वी त्या वस्तीतल्या पोरांनी आमच्या पोरांना कॅरमला बसवले. 1901 सालच्या त्या रात्री चार लहान मुलांना घोटभर पाणी देणारे दार सापडले नव्हते. आज लॉजचे एक दार बंद झाले, तर आपली पाच दारे उघडली. लॉजचे दारही उघडलेच पाहिजे, त्यासाठी तक्रारीचा पाठपुरावा आम्ही सोडलेला नाही. पण ही पाच दारे कशी उभी राहिली, हे पोरांनी डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी वेरूळची लेणी पाहिली. चौतीसपैकी पहिली बारा बौद्ध लेणी आहेत. दहाव्या लेण्यातल्या चैत्यगृहात, दगडात कोरलेल्या फासळ्यांच्या छताखाली आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. आवाज घुमून परत आला. दौलताबादच्या किल्ल्याशी त्या बुद्धिबळपटू मुलीने बाबासाहेबांचा 1934 चा प्रसंग मोठ्याने वाचला. वाटेने जाणारी काही अनोळखी माणसेही थांबून ऐकत होती.

मित्र हवेत

लंडनचे शिक्षण पुरे करायला बाबासाहेब 1920 साली पुन्हा निघाले, तेव्हा नवल भथेना या त्यांच्या पारशी मित्राने त्यांना पैसे उसने दिले होते. एवढ्या मोठ्या माणसालाही मित्राच्या हाताची गरज लागली. मग आपल्यासारख्यांची काय कथा?

म्हणून आमची गावोगावच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. येत्या आषाढ पौर्णिमेला विहारात एक सतरंजी जास्त अंथरा. वाचन झाले की लोकांना लगेच घरी सोडू नका. दहा पुस्तकांनी सुरुवात करा, बायकांना निवडू द्या, न वाचता येणाऱ्याला बोलू द्या. खेळ ठेवा, पण पैशाला दाराबाहेर ठेवा. जमाखर्च दर महिन्याला मोठ्याने वाचून दाखवा. वर्षातून एकदा एस.टी.त बसा आणि परक्या गावच्या विहारात मुक्काम करा. कोणाची जागा दोन शनिवार रिकामी दिसली, तर तिसऱ्या शनिवारची वाट न पाहता त्याच्या घरी जा.

सांचीचे खाते पुन्हा भरत आले आहे. थंडीत निघायचा बेत आहे. आजींनी आपले शंभर रुपये या महिन्यात आगाऊ दिले आहेत आणि पावती मागून घेतली आहे.

जयभीम!